तेलावर तरंगणारं लोखंड

इंजिनात लोखंडाला लोखंड लागत नाही. लागलं की इंजिन संपलं. लग्न होऊन खामगावला आल्यावर कितीतरी वर्षं मी इंजिनाचे भाग धूत होते, पुसत होते, ओळीने मांडून ठेवत होते, पण हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, आत सगळं जात्यासारखं एकमेकांवर घासत असेल आणि म्हणूनच एवढा आवाज होत असेल.

मग एकदा यजमानांनी माझ्या हातात नवं बेअरिंग दिलं. इंजिनातलं बेअरिंग म्हणजे अर्धी बांगडी वाटावी असा गुळगुळीत पत्रा. असे दोन अर्धे जोडून गोल होतो आणि त्या गोलात क्रँक फिरतो. क्रँक म्हणजे इंजिनाचा कणा. पिस्टन वरखाली होतात, त्यांचं वरखाली होणं क्रँक गोल फिरवून चाकांकडे पाठवतो.

यजमान म्हणाले, "हे अन् क्रँक कधी भेटत नाहीत. दोघायच्या मधात तेल असते. केसाहून पातळ. सारं इंजिन त्या तेलावर तरंगते."

त्या दिवशी दारात एक ट्रक चालू उभा होता. मी फडक्याने हात पुसत त्याच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिले. एवढं धूड, आणि केसाहून पातळ तेलावर.

आमचं वर्कशॉप कापसाच्या जुन्या जिनिंगच्या भिंतीला लागून आहे. यजमानांना सगळे नानाभाऊ म्हणतात. आम्ही फक्त इंजिनाचं काम करतो. उतरवायचं, उघडायचं, धुवायचं, मापायचं, बांधायचं. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं जे काही शिकले ते धुता धुता. यजमानांची बोटं जाड झाली, जवळचं दिसेनासं झालं, तसं बेअरिंग बसवणं हळूहळू माझ्याकडे आलं. पण गिऱ्हाईक आलं की मी मागच्या खोलीत जाते. अजूनही जाते. अनोळखी माणसापुढे माझ्या तोंडातून शब्द निघत नाही, याला काही इलाज नाही.

मागच्या खोलीतूनही माणसं दिसतात. एकाने स्वतःच इंजिन उघडलं होतं आणि सगळे भाग गव्हाच्या पोत्यांत भरून आणले होते. "उघडताना पूजा केल्ती नानाभाऊ, बांधताना काय कराव लागते ते सांगा," म्हणाला. दुसऱ्या एकाने आपलं ट्रॅक्टरचं इंजिन बांधून होईपर्यंत शेजारी बाज टाकली. आम्ही भाग बदलू अशी त्याला भीती. जेवण आमच्याकडेच. वरून वरणात मीठ कमी आहे म्हणायचा.

पण मला लिहायचं आहे ते सुनंदाच्या इंजिनाबद्दल.

सुनंदा जळगाव जामोदकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावची. नवऱ्याने सात माणसं बसणारी डिझेलची टर्बो गाडी घेतली आणि मग तो आजारपणात गेला. गाडी विकण्याऐवजी हिने ती चालवायला शिकून घेतली. गावातल्या लोकांना बुलढाण्याच्या दवाखान्यात नेणं, कोर्टाच्या तारखेला नेणं, कधी देऊळगाव राजाला बालाजीच्या दर्शनाला नेणं, असा तिचा धंदा सुरू झाला. तिचा दीर प्रकाश भाजीपाला करतो. बाईने गाडी हाकणं त्याला पटत नव्हतं. गाडी विकावी, मळ्यात ठिबक टाकावं, असं त्याचं म्हणणं. रोजच्या बोलण्याला कंटाळून सुनंदा एकदा सगळ्या घरासमोर बोलून गेली होती, "गाडी मधात बसली, त चावी तुमच्या हातात देईन."

आणि गाडी बसली, रस्त्यातच बंद पडली. बुलढाण्याचा घाट चढताना, कोर्टात निघालेले म्हातारा-म्हातारी आत असताना.

दोर बांधून ट्रॅक्टरमागे ती आमच्या दारात आली तेव्हा सुनंदा आणि प्रकाश दोघंही बरोबर होते. सुनंदा तोंडावरून पदर फिरवत म्हणाली, "आतून कोणी कढईवर हातोडी मारून राह्यलं असं वाजलं नानाभाऊ. मंग एकदम बंद."

प्रकाश म्हणाला, "एकदा नीट करून द्या. चालू गाडीले भाव येते. मंग आम्ही काहाडून टाकतो."

"काहाडून टाकतो म्हणजे?" सुनंदा म्हणाली.

"तूच बोलली होती वयनी."

"बोलली होती. मले आठवते."

मी मागच्या खोलीतून पाहत होते. तिने चावी यजमानांच्या हातात दिली, दिराच्या हातात नाही. प्रकाशने ते पाहिलं आणि तो पोतं अंथरून बसला.

इंजिन उतरवून खालचं चेंबर काढलं. चेंबर म्हणजे तेल साठायचं तळाचं भांडं. त्यात तेल नव्हतं, डांबर होतं. पंप ज्या जाळीतून तेल ओढतो ती जाळी त्या डांबराने लिंपून गेली होती. वर तेल पोचलंच नव्हतं. तिसऱ्या पिस्टनच्या बेअरिंगचा अर्धा पत्रा तर ओळखू येईना, दबून पापडासारखा झालेला. उरलेल्या तेलात बेअरिंगची चमकी तरंगत होती. क्रँकवर बोट फिरवलं तर नखाला चरे लागत होते, आणि उष्णतेने तो तिथे निळा पडला होता.

मग टर्बो उघडला. टर्बोविषयी सांगायला हवं, कारण इतक्या वर्षांत माझा सगळ्यांत मोठा अचंबा तोच आहे. इंजिनातून जो धूर बाहेर जातो, त्याच्या वाटेत एक छोटा पंखा असतो. धूर त्याला फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त ताकद. म्हणजे घरातून निघून जाणाऱ्या धुराकडूनच घरचं काम करून घ्यायचं. तो दांडा माझ्या करंगळीएवढा असतो. एक टोक लालभडक तापतं आणि दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. आणि तोही कशावर टेकलेला नसतो. तेलावरच तरंगतो.

सुनंदाच्या टर्बोतला दांडा हाताने हलवला तर डुगडुगत होता. वर जळक्या दुधासारखा काळा थर.

यजमान रागावले. "तेल कवा बदललं होतं?"

"वेळच्या वेळी," सुनंदा म्हणाली.

"मंग हे काय आहे? डांबर कोणं ओतलं?"

"मी भाकर खाल्ली नसन, पण गाडीले तेल दिलं. देवीची शपथ."

प्रकाश हसला. "देवीले कायले मधात घेतेस? तिच्याकडे लायसन आहे का?"

सुनंदा उठून मागच्या खोलीत आली आणि माझ्या शेजारी धुण्याच्या टपाजवळ बसली. मी चहा ठेवला. ती माझ्या हातांकडे पाहत होती.

"ताई, हे काळं निघते का कवा?"

"दिवाळीत थोडं निघते," मी म्हणाले.

ती हसली. मग बोलायला लागली, मी न विचारताच. गाडीत बसताना बाया कशा आधी तिच्या बांगड्या पाहतात, उतरताना कशा पाठीवर हात ठेवतात. घाटाच्या माथ्यावर देवीचं ठाणं आहे. तिथे प्रत्येक ड्रायव्हर थांबतो. सुनंदाही थांबायची, जातायेता, एकही खेप चुकवायची नाही. पोचल्या पोचल्या गाडी बंद, चपला काढून खाली, हात जोडून, कुंकू लावून परत.

"पोचल्या पोचल्या बंद?" मी विचारलं.

"देवीपुढे इंजिन चालू ठेवत नाहीत ताई. धूर सोडाचा का तिच्या तोंडावर? कोणीच ठेवत नाही."

माझा हात टपातच थांबला. घाट चढून आलेली गाडी म्हणजे टर्बो लाल झालेला. दांडा लाखाच्या वेगात. त्या क्षणी इंजिन बंद केलं की तेलाचा पंपही बंद. दांडा तसाच फिरत राहतो, तेल नाही. जे थोडं तेल आत राहिलेलं असतं ते त्या आगीत जळतं, त्याचा कोळसा होतो. कोळसा तेलात उतरतो, तेल घट्ट होतं, जाळी बुजते. एका खेपेने काही होत नाही. पण ही तर दर खेपेला घाट चढून थांबली, इतकी वर्षं. घाटात चढ असतो तेव्हाच इंजिनाला सगळ्यांत जास्त तेल लागतं, आणि तेव्हाच ते मिळालं नाही.

मी हे सुनंदाला सांगितलं नाही. यजमान हात धुवायला आले तेव्हा त्यांना सांगितलं. ते ओला हात तसाच धरून उभे राहिले.

"मीबी तिथं बंदच करतो," ते म्हणाले. "माह्या बापानं शिकवलं. पण त्यायच्या जीपले टर्बो कुठं होता?"

बाहेर जाऊन त्यांनी समजावलं, तेव्हा सुनंदाचा चेहरा पडला. "म्हणजे देवीनंच माही गाडी बसवली म्हणता?"

"देवीनं काऊन बसवन? देवीजवळ जायाची घाई झाली. थोडा वेळ गाडी नुसती चालू ठेवाची, टर्बो मंद होऊ द्याचा, मंग बंद कराची. गोष्ट एवढीच आहे."

"पण देवीपुढे चालू कशी ठेवू?"

प्रकाश म्हणाला, "आता त्याचा इचार नको करू. गाडी आपल्याकडे राह्यते कुठं."

मोठा प्रश्न क्रँकचा होता. चरे पडलेला क्रँक लेथवर घासून गुळगुळीत करता येतो, तो तेवढा बारीक होतो, मग त्याला जाड पत्र्याचं बेअरिंग घालायचं. पण उष्णतेने आत तडा गेला असेल तर तो कामातून गेला. नवा क्रँक घ्यायची सुनंदाची ऐपत नव्हती, आणि प्रकाश तो घेऊ देणार नव्हता. म्हणजे गाडी जशी आहे तशी भंगारात.

तडा डोळ्यांना दिसत नाही. आमच्याकडे जुनी रीत आहे, क्रँक साखळीने टांगायचा आणि छोट्या हातोडीने हळूच टकटक करायचं. अखंड असेल तर घंटेसारखा वाजतो आणि आवाज लांबत जातो. तडा असेल तर फुटक्या मडक्यासारखा. यजमानांनी टांगला. सुनंदा खांबाला धरून उभी राहिली. प्रकाशही उठून उभा राहिला, का ते त्यालाच माहीत.

पहिला ठोका पडला आणि तो वाजला. एवढं वेडंवाकडं, काळंनिळं लोखंड, आणि आवाज इतका स्वच्छ की बाहेरचा रिक्षावाला आत डोकावला. यजमानांनी प्रत्येक भागावर ठोके मारले, निळ्या पडलेल्या ठिकाणी पुन्हा पुन्हा. सगळीकडून तोच सूर. मी अनेक क्रँक वाजताना ऐकले आहेत, पण जळून निघालेला क्रँक असा वाजताना त्यापूर्वी ऐकला नव्हता.

"बोलला," यजमान म्हणाले.

सुनंदाने खांब सोडला.

लेथवरून क्रँक घासून आला तो आरशासारखा. प्रकाशला आता वेगळाच हुरूप आला, जास्त भाव येईल म्हणून तो खर्चालाही तयार झाला. "नानाभाऊ, ते काँप्युटर लावून ताकद वाढवतात म्हणतात. वाढवून द्या. गिऱ्हाईक खूश होते."

"ताकद वाढवाची त आधी तेल वाढवा," यजमान म्हणाले. "नुसती आग वाढवून काय फायदा?"

म्हणून त्यांनी वाढवलं ते असं: टर्बोचा आतला गाभा नवा, त्याला तेल नेणारी नळी नवी आणि पहिल्यापेक्षा मोठ्या तोंडाची. तेलाचा पंप नवा. तेल थंड करणारी एक जाळी पुढे बसवली, मूळ गाडीत ती नव्हती. टर्बोतून येणारी हवा थंड करणारी जाळीही मोठी घातली, कारण थंड हवा जास्त मावते आणि इंजिन कमी तापतं. बेअरिंग तीन थरांची, जास्त भार सोसणारी. आणि ड्रायव्हरसमोर तेलाच्या दाबाचं काट्याचं मीटर. मूळ गाडीत नुसता लाल दिवा होता. तो दिवा लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

क्रँकच्या पोटातून तेलाच्या वाटा कोरलेल्या असतात, तिरप्या, एका बेअरिंगकडून दुसऱ्याकडे. मी बारीक ब्रशने त्या घासल्या. एका भोकातून हवा सोडायची आणि दुसऱ्या भोकावर बोट ठेवायचं. लोखंडाच्या आतून वारा येऊन बोटाला लागतो. मला तेव्हा दर वेळी वाटतं, ज्याने पहिल्यांदा ही वाट लोखंडात कोरली त्या माणसाला पाहायला हवं होतं.

मग बेअरिंग बसवली. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली जागा मोजायला मेणासारखा एक बारीक धागा मिळतो. तो क्रँकवर ठेवायचा, टोपण बसवायचं, ठरलेल्या ताकदीने बोल्ट आवळायचे आणि पुन्हा उघडायचं. धागा दबून पसरलेला असतो. जितका रुंद, तितकी जागा कमी. पाकिटावर छापलेल्या पट्टीशी तो जुळवून पाहायचा. सुनंदा माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती.

"एवढ्याशा जागेत तेल राह्यते?"

"एवढ्यातच राह्यते. जास्त जागा झाली त निसटते, कमी झाली त शिरतच नाही."

"अन् यावर आम्ही सात जणं बसून घाट चढतो."

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार. मलाही तेच वाटत होतं.

इंजिन गाडीत चढवलं. पहिल्यांदा चालू करायच्या आधी टर्बोत हाताने तेल भरतात, आणि डिझेल तोडून इंजिन नुसतं फिरवतात, म्हणजे आग लागायच्या आधी तेल सगळीकडे पोचतं. यजमानांनी सुनंदालाच चावी फिरवायला लावली. इंजिन घुरघुरत फिरलं. काटा हलला नाही. तिने सोडलं, पुन्हा फिरवलं. काटा तसाच. प्रकाशने माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच. पुन्हा फिरवलं आणि काटा एकदम उठला, झोपेतून उठल्यासारखा, आणि वर जाऊन स्थिर झाला. मग डिझेल जोडलं. इंजिन चालू झालं ते इतकं मऊ की सुनंदा दुसऱ्यांदा चावी फिरवायला गेली आणि यजमान ओरडले, "चालू आहे बाई."

घाटाची चाचणी राहिली होती. प्रकाशने ओझं म्हणून मागे कांद्याची पोती भरली आणि स्वतः त्यांच्यात बसला. "घाट चढली तर बोलू," एवढंच म्हणाला. यजमानांनी एक ट्रक उघडला होता, त्यांना निघता येईना. ते मला म्हणाले, "तू जाय. काटा पाह्यत बस."

मी बांधलेल्या गाडीत मी तोवर कधी बसले नव्हते. माझी बांधलेली इंजिनं रस्त्यावर काय करतात ते मला लोकांकडूनच कळायचं. सुनंदाने पुढचं दार उघडून दिलं. मी पदर आवळून बसले.

सपाट रस्त्यावर काटा चांगला वर होता. घाट सुरू झाला, टर्बोची बारीक शीळ ऐकू येऊ लागली आणि गाडी पोत्यांसकट अशी चढू लागली की मी दाराचा दांडा धरला. मग काटा खाली यायला लागला.

"काटा खाली येऊन राह्यला," मागून प्रकाश म्हणाला. पोत्यांवरून मान पुढे काढून तोही तेच पाहत होता.

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं नाही, रस्त्याकडेच पाहिलं. पण तिचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले.

"तेल तापलं की पातळ होते," मी म्हणाले. "एवढा येतेच. आता थांबन."

बोलले खरी, पण माझा जीव त्या काट्यात होता. तो थांबला. वळणं येत गेली, तो तिथेच राहिला.

माथ्यावर देवीच्या ठाण्यापाशी सुनंदाने गाडी बाजूला घेतली आणि बंद केली नाही. तिने बसल्या जागी हात जोडले, डोळे मिटले. झाडाखाली नारळ विकणारा म्हातारा उठून आला.

"ओ बाई, गाडी बंद कर. देवीच्या तोंडावर धूर सोडून राह्यली."

"बाबा, गाडीले दम लागला," सुनंदा डोळे न उघडता म्हणाली. "दम खाऊ द्या तिले. मंग उतरू."

म्हातारा खिडकीपाशी थांबला. इंजिनाचा आवाज ऐकत राहिला. मी अंग चोरून बसले, आता भांडण होणार म्हणून. तो म्हणाला, "बैलंबी घाट चढून आले की त्यायले लगेच पाणी नव्हतो पाजत. जू काहाडून उभे राहू देत होतो." मग परत झाडाखाली जाताना वळून म्हणाला, "राहू दे. देवीले काही घाई नाही."

टर्बोची शीळ केव्हाच बसली होती. सुनंदाने चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि ती उतरली. मागच्या दारातून प्रकाशही उतरला, त्याने नारळ घेतला आणि फोडला. सुनंदाच्या हातातल्या चावीकडे त्याने पाहिलं आणि ती तिच्याकडेच राहू दिली. त्याने अर्धं खोबरं सुनंदाला दिलं, अर्ध्याचे दोन तुकडे करून एक माझ्यासमोर धरला. मी घेतला.

उतरताना सुनंदा सावकाश चालवत होती. वळणावर दरीतली झाडं दिसत होती. मी काट्याकडे पाहायचं विसरले होते. बऱ्याच वेळाने मागून काहीच आवाज येईना म्हणून मी मान वळवली. प्रकाश कांद्याच्या पोत्यावर डोकं टाकून झोपला होता. तोंड उघडं, वळणाबरोबर मान इकडून तिकडे जात होती.

"झोपले का?" सुनंदाने विचारलं.

"हो."

तिने आरशात पाहिलं आणि पुढचं वळण आणखी हळू घेतलं. "माह्या गाडीत भाऊजी कधी डोळे मिटत नव्हते," ती म्हणाली.